अर्थाचा रकाना

आमच्या रेडिओ स्टेशनचं ऑफिस आखातात, दुबईजवळच्या अजमानमध्ये एका इमारतीच्या मेझनाइनवर आहे. खाली टायरचं दुकान, बाजूला कॅफेटेरिया. हिंदी, मल्याळम, उर्दू, बंगाली आणि तगालोग अशा पाच भाषांत आम्ही दिवसभर बोलतो आणि रविवारी सकाळी दहा ते अकरा मराठीत. ‘आम्ही बोलतो’ म्हणायचं एवढंच, मी स्वतः माइकसमोर कधी बसलेलो नाही. माझं काम कागदांचं. कोण कुठल्या भाषेत किती वाजता काय बोललं याची नोंद ठेवायची, रेकॉर्डिंग जपायचं आणि दर वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाची फाइल तयार करायची.

नोकरी लागली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर विचारलं होतं, “म्हणजे नेमकं करतोस काय?”

“रेडिओवर कुणी वावगं बोलत नाही ना, ते बघतो.”

“आणि तू कधी बोलतोस?”

“मी नाही बोलत.”

“बरं आहे,” ते म्हणाले. “तुला तसंही जमलं नसतं.”

अण्णा मार्केट यार्डात हमाल होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शाळा नगरपालिकेची, इंग्रजी पाचवीपासून. एका बाईंनी मला सुट्टीत घरी बोलावून, फुकट, स्पेलिंगं पाठ करून घेतली नसती तर मी आज कुठे असतो, हे मला ठाऊक आहे. पण त्या इंग्रजीचा एक परिणाम असा झाला की मला ते लिहिता आलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवता आला नाही. साधी मेल पाठवायची तरी मी ती चार वेळा वाचतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माणसाने लिहिलेलं मात्र मी कधी तपासत नाही. त्याचं मी काय तपासणार?

हे सगळं सांगायचं कारण, त्या वर्षी जे झालं ते यातूनच झालं.

नूतनीकरणाच्या अर्जासोबत कार्यक्रमांची यादी जोडावी लागते. कार्यक्रमाचं नाव, भाषा, वेळ आणि शेवटी एक रकाना: नावाचा अर्थ. अर्थ आधी इंग्रजीत लिहायचा, मग सरकारमान्य शिक्का असलेल्या भाषांतर ऑफिसातून त्याचं अरबी करून आणायचं. परवाना देणाऱ्या सरकारी कार्यालयात जातं ते अरबी. आमच्या यादीत तेवीस कार्यक्रम होते. चौदाव्या ओळीवर मराठी कार्यक्रम, त्याचं नाव ‘कट्टा’.

कट्टा. मी त्या शब्दापाशी बराच वेळ थांबलो. बेंच लिहावं? बेंच म्हटलं की शाळेतला बाक डोळ्यासमोर येतो. प्लॅटफॉर्म म्हटलं की रेल्वे. शेवटी मी यादी आमच्या हिंदी विभागाच्या प्रोड्यूसरकडे पाठवली. तो लखनौचा, मोठ्या शाळेतला, इंग्रजी असं बोलतो की ऐकत राहावं. त्याला लिहिलं, ‘भाई, अर्थाचा रकाना तेवढा भरून थेट मंदूबला पाठव.’ सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद घेऊन फिरणाऱ्या माणसाला इथे मंदूब म्हणतात. आमचा मंदूब सुदानी, उंच, कधीच घाई नसलेला.

प्रोड्यूसरने रकाना भरला. मेलमध्ये मीही होतो. मी ती यादी उघडलीसुद्धा नाही.

अरबी कागद आला तेव्हा मात्र मी जबाबदार माणसासारखा वागलो. मला अरबी येत नाही, म्हणून उर्दूच्या निवेदकांना, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, शेजारी बसवून नावं वाचून घेतली. लिपी तीच, त्यामुळे ते भराभर वाचत गेले. चौदाव्या ओळीवर थबकले.

“मुसद्दस लिखा है,” चाचा म्हणाले. “माशाअल्लाह! मराठी में मुसद्दस? शायरी का प्रोग्राम है क्या?”

उर्दूत मुसद्दस म्हणजे सहा सहा ओळींच्या कडव्यांची कविता. मी विचार केला, आमच्या मराठी तासात दर रविवारी कुणी ना कुणी कविता म्हणतंच. अर्थ थोडा लांबचा वाटला, पण भाषांतर ऑफिसातल्या लोकांनी काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल.

“हां चाचा, कविता होती है,” मी म्हणालो, आणि चौदाव्या ओळीपुढे हिरव्या पेनने बरोबरची खूण केली.

अरबीत मुसद्दस म्हणजे पिस्तूल.

हे मला आठ दिवसांनी कळलं, मॅनेजरच्या केबिनमध्ये. मॅनेजर त्रिशूरचे, साठीला आलेले, हे स्टेशन त्यांनी जवळजवळ एकट्याने उभं केलेलं. मला नोकरी दिली तेव्हा माझ्या प्रमाणपत्रांकडे न बघता त्यांनी विचारलं होतं, “झूठ बोलता है?” मी नाही म्हणालो. “तो बैठ जाओ.” त्या दिवसापासून मी त्यांचा ऋणी आहे. आता त्यांच्या हातात कार्यालयाचं पत्र होतं आणि ते पत्राकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

“फोर्टीन नंबर. ये पिस्टल क्या है?”

“कोणतं पिस्टल, सर?” माझ्या तोंडून मराठीच निघालं.

पत्रात दोनच ओळी होत्या. चौदाव्या कार्यक्रमाच्या नावाचा खुलासा करावा. खुलासा मिळेपर्यंत फाइल थांबवली आहे. परवाना संपायला अकरा दिवस होते.

मी धावत जागेवर आलो, ती यादी पहिल्यांदा उघडली. चौदाव्या ओळीत, त्या सुंदर इंग्रजीत, लिहिलं होतं: गावठी पिस्तूल.

प्रोड्यूसरला गाठलं. तो बिचारा खरंच गोंधळला. “भाई, हमारे यहाँ कट्टा वही होता है. मैंने सोचा आप लोगों का कोई यूथ शो है. ज़रा तेज़ टाइप का.”

“यूथ शो? परसों उसमें आधा घंटा घुटनों के दर्द पर बात हुई.”

“मुझे मराठी आती है क्या?” तो म्हणाला. ते खरंच होतं. ती मला येत होती.

मॅनेजर रागावले नाहीत, याचाच जास्त त्रास झाला. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. “देखो. हफ्ते में एक घंटा. उसके लिए बाकी सब रुकेगा? मैं बोल रहा हूँ, फोर्टीन निकाल दो. लिस्ट फिरसे जाएगी, खलास. अगले साल देखेंगे.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पाच भाषांचे चाळीसेक लोक त्या परवान्यावर जगत होते. पण एकदा काढलेली ओळ पुढच्या वर्षी परत येत नाही, हे मी इतकी वर्षं फाइली सांभाळून शिकलो होतो. जागा रिकामी झाली की तिथे दुसरं काहीतरी बसतं.

“सर, एक बार जाकर समझाने दीजिए. गलती मेरी है.”

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. “गुरुवार तक. गुरुवार को हुआ तो हुआ. नहीं तो तुम खुद काटोगे.”

मराठी तास चालवतात त्या ताई शारजात अल मजाजला राहतात, आठवडाभर शाळेत गणित शिकवतात. पूर्वी कार्यक्रम शुक्रवारी असायचा; सुट्ट्या शनिवार-रविवारवर गेल्या तेव्हा त्यांनी मुलांच्या क्लासच्या वेळा बदलल्या, पण कार्यक्रम सोडला नाही. मी त्यांना फोन करून काय झालं ते सांगितलं.

“पिस्तूल?” त्या हसायलाच लागल्या. “अरे, अकरा वर्षांत आम्ही कुणाला चहासुद्धा पाजला नाही, गोळ्या कुठून घालणार?”

“ताई, हसू नका. गुरुवारी नाही जमलं तर तास जाणार.”

त्या हसायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, “जाणार म्हणजे?”

“यादीतून काढायला सांगितलंय. मलाच काढावं लागेल.”

“मग तू काय सांगणार आहेस त्यांना?”

“कट्टा म्हणजे काय ते.”

“सांग ना मग आधी मला,” ताईंचा गणिताच्या वर्गातला आवाज लागला. “एका वाक्यात.”

मला एका वाक्यात सांगता आलं नाही.

आणि याचं कारण फक्त इंग्रजी नव्हतं. आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे, वाचनालयाच्या भिंतीला लागून एक कट्टा होता. त्यावर मी आयुष्यात कधी बसलो नाही. मी सातवीत असताना अण्णांनी सांगून ठेवलं होतं, “त्या कट्ट्यावर बसलेला दिसलास तर तंगडं तोडीन.” कट्टा म्हणजे रिकामटेकड्यांची जागा. नापास झालेले, लग्न न जमलेले, सकाळी पेपर वाचून संध्याकाळपर्यंत त्यावर वाद घालणारे. मी दप्तर छातीशी धरून समोरच्या बाजूने जायचो आणि ते हाक मारायचे, “काय कलेक्टर, आज पण घरीच का?” मी मान खाली घालायचो. त्या कट्ट्यापासून लांब राहिलो म्हणून मी इथपर्यंत आलो असंच मला वाटत आलेलं. आणि आता त्याच कट्ट्याची बाजू एका सरकारी कार्यालयात मांडायची होती.

बायकोने माझी अवस्था बघून विचारलं, “अहो, जेवताय का नुसतेच बघताय ताटाकडे?” मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “फोटो दाखवा ना. बोलून कशाला समजावताय?” मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “बाबा, जस्ट चेंज द नेम.” मला तिचा राग आला.

मी धाकट्या भावाला निरोप पाठवला, कट्ट्याचा फोटो काढून पाठव, आजच. तासाभरात फोटो आला. तोच कट्टा, फरशी आता नवीन. सहा म्हातारे बसलेले. मधला, पायावर पाय टाकून, हातवारे करत काहीतरी ठासून सांगणारा माणूस म्हणजे अण्णा.

मी फोन लावला. “अण्णा, तुम्ही कट्ट्यावर?”

“मग कुठे बसू? घरात धाकटी सून टीव्ही लावते.”

“तुम्ही मला म्हणायचात तंगडं तोडीन म्हणून.”

“ते तुझं,” अण्णा म्हणाले. “माझं तंगडं कोण तोडणार? फोटो कशाला हवा होता? धाकटा म्हणाला, तिकडे सरकारला दाखवायचाय. काही लफडं केलंस का?”

“नाही अण्णा. शब्दाचा अर्थ सांगायचाय.”

“त्यात काय सांगायचं? माणसं बसतात. बोलतात. झालं.”

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मग बुधवारचा सगळा दिवस त्याचं इंग्रजी करत बसलो. प्रोड्यूसरने दोनदा येऊन विचारलं, “भाई, मैं देख लूँ एक बार?” त्याला मदत करायची होती, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मी नको म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा नको म्हणालो, आणि तेही धाडसाने नव्हे. आता दुसऱ्या कुणाच्या हातून चूक झाली तर ती मला सोसली नसती. सहा ओळी झाल्या. एखादा शब्द चुकला असेल असं धरूनच मी त्या पाठ केल्या.

गुरुवारी मंदूब आणि मी कार्यालयात पोचलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. एसीतही. टोकन घेतलं. मंदूब शांतपणे मोबाइलवर फुटबॉलची मॅच बघत होता. “इन्शाल्ला,” तो मला मध्ये मध्ये म्हणायचा, न विचारता.

टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी फाइल उघडली, माझा इंग्रजी कागद वाचला. परत वाचला. त्या परत वाचतायत म्हणजे व्याकरण चुकलंय, असंच मला वाटलं. मग त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं की या कागदानुसार हा शब्द म्हणजे बसायची जागा आहे, अर्जानुसार हत्यार आहे. दोन्ही कागदांवर तुमच्याच स्टेशनचा शिक्का आहे. मी कुठला खरा मानू?

पाठ केलेल्या सहा ओळींपैकी मला एकही आठवेना. मी मोबाइल काढला आणि फोटो पुढे केला.

“माय फादर,” एवढंच मी म्हणालो.

बाईंनी फोटो जवळ घेऊन पाहिला. मग त्यांनी मागच्या टेबलावरच्या एका वयस्कर अधिकाऱ्यांना हाक मारली. पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मा सरकवत ते आले, फोटो मोठा करून पाहिला आणि एकदम म्हणाले, “दक्का!”

बाईंशी ते अरबीत भराभर बोलले. मग माझ्याकडे वळून चक्क हिंदीत, “हमारा दादा का घर के बाहर था. मिट्टी का. असर की नमाज़ के बाद सब बुड्ढा लोग उधर बैठता. पूरा दुनिया का बात करता, काम कुछ नहीं.” त्यांनी फोटोतल्या अण्णांवर बोट ठेवलं. “ये बहुत बोलता है?”

“हां सर. अभी बोलता है. पहले टाइम नहीं था.”

ते हसले. पण त्यांनी मोबाइल परत दिला आणि चेहरा पुन्हा कामाचा केला. “लेकिन नाम नहीं चलेगा. तुम्हारा रेडियो हिंदीवाला भी सुनता है. हम भी फिल्म देखता है हबीबी, कट्टा हमको भी मालूम. प्रोग्राम रहेगा. नाम दूसरा दो.”

“अभी?”

“अभी. अर्थ के साथ.”

बाईंनी माझ्यापुढे कागद आणि पेन सरकवलं. मंदूबने मॅच थांबवून माझ्याकडे बघितलं. ताईंना फोन करावा, मॅनेजरना विचारावं, कुणाला तरी विचारावं असं मला वाटत होतं. पण मागे रांग होती. आमच्या स्वतःच्या घराला कट्टा नव्हता, दारासमोर एक शेणाने सारवलेला ओटा होता. आई त्यावर तांदूळ निवडायची आणि मी शेजारी बसून स्पेलिंगं पाठ करायचो. मी ‘ओटा’ लिहिलं. पुढच्या रकान्यात इंग्रजीत: घरासमोरची उंच जागा, जिथे माणसं बसून बोलतात. खाली सही केली. पेन परत देताना लक्षात आलं की हे मी एकदाही परत वाचलेलं नाही.

ऑफिसात आल्यावर मॅनेजरनी विचारलं, “क्या रखा नाम?”

“ओटा, सर.”

“ओट्टा?” ते दचकले. “अरे, मलयालम में ओट्टा मतलब छेद!”

माझा चेहरा बघून त्यांनी घाईने खांद्यावर हात ठेवला. “बैठो, बैठो. छेद पे कोई केस नहीं होता.”

परवाना सोमवारी आला. सोबतच्या पत्रात एक अट होती: चौदाव्या कार्यक्रमाचं जुनं नाव प्रसारणात वापरू नये.

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदाच स्टुडिओत हजर राहिलो. आमचे फोनवरचे कार्यक्रम सात सेकंद उशिरा हवेत जातात. कुणी भलतंच बोललं तर तंत्रज्ञाच्या हाताशी एक लाल बटण असतं, ते दाबलं की तेवढं गिळलं जातं. त्या दिवशी तंत्रज्ञाला बाजूला सरकवून मी त्या बटणापाशी बसलो. ताई काचेपलीकडून माझ्याकडे बघून भुवई उडवत होत्या. अकरा वर्षांची सवय आहे, पहिल्याच वाक्यात जुनं नाव निघणार, असं मी धरूनच चाललो होतो.

“नमस्कार मंडळी,” ताई म्हणाल्या. “आपण ऐकताय,” आणि थांबल्या. माझं बोट बटणावर. “ओटा. आणि हो, स्वयंपाकघरातला नव्हे, घरासमोरचा. चार जणांनी मला आधीच विचारलंय की आता रेसिपी सांगणार का म्हणून.”

तेवढ्यात फोनचा दिवा लागला. पहिला फोन नेहमी एकाच काकूंचा असतो. त्या इथे अजमानमध्येच मेसचे डबे करतात. रविवारी डब्यांची घाई, फोन स्पीकरवर ठेवून पोळ्या लाटत बोलतात, मागे लाटण्याचा आवाज येत असतो. त्यांना नाव बदलल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना कळवायची यादी मी केली होती, त्यात त्या राहिल्या होत्या.

“हॅलो,” काकू म्हणाल्या. लाटणं थांबलं. “कट्ट्यावर जागा आहे का?”

दर रविवारी त्या हेच म्हणतात, याच शब्दांत. काचेपलीकडे ताईंचा चेहरा पडला. सात सेकंद. घड्याळाचा काटा माझ्यासमोर होता. पत्रात नाव म्हटलं होतं, शब्द नव्हे. हे मी मोठ्याने म्हटलं की मनात, आठवत नाही. आणि तिकडे कुणीतरी ऐकत बसलेला माणूस नाव आणि शब्द यांतला फरक मानेल का? पाच, सहा. माझं बोट बटणावर होतं, आणि मी ते दाबलं नाही.

“आहे ना काकू,” ताई म्हणाल्या, अगदी हळू. “या, बसा.”

मग काकू कोथिंबिरीच्या जुडीबद्दल बोलल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी जागेवर येऊन त्या दिवसाची नोंद लिहायला घेतली. लपवता आलं असतं. त्या तासात काय बोललं गेलं ते तपासू शकणारा माणूस आमच्या ऑफिसात मीच. मी इंग्रजीत लिहिलं: दहा वाजून चार मिनिटं, श्रोत्या बाईंचा फोन, त्यांनी विचारलं की कट्ट्यावर, म्हणजे घराबाहेरच्या बसायच्या जागेवर, आपल्यासाठी जागा आहे का. निवेदिकेने हो म्हटलं.

प्रोड्यूसर माझ्या मागून जात होता. स्क्रीनकडे बघून थांबला. काही चुकलंय का, असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. नोंद पाठवली. मग काकूंना फोन लावला, नवीन नाव सांगायला. त्यांनी तो उचलला नाही. त्यांचे हात पिठात असणार.